पॉइंट क्रमांक १४

बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला राखीव ते ठरवणारा आरक्षणाचा रोस्टर, हा शब्द कानावर पडला की बहुतेकांना जांभई येते, मलाही यायची. पण कॉलेजात ज्याला एक्सेल बरं येतं त्याच्या गळ्यात सगळंच पडतं, तशी रोस्टरची वहीही माझ्या गळ्यात पडली, आणि त्या लांबलचक रकान्यांच्या वहीत मान घातल्यावर कळलं की स्टाफरूममध्ये कोण बसणार आणि कोण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर दारात उभं राहणार हे भाषणांपेक्षा, सर्वसमावेशकतेच्या सेमिनारपेक्षा, ह्या वहीत जास्त ठरतं. आणि वहीत काय ठरतं ते एका प्रश्नावर ठरतं, मोजायला सुरुवात कुठून करायची.

म्हणून हे प्रकरण लिहितोय. २०१७ ते २०१९ ह्या काळात केंद्रीय विद्यापीठांमध्ये २०० पॉइंट विरुद्ध १३ पॉइंट रोस्टर असा जो राडा झाला तो. तेव्हा बातम्यांमध्ये दोन्ही नावं यायची पण नेमकं काय चाललंय ते फार कमी लोकांना कळलं, आपल्याकडच्या प्राध्यापकांनाही. 'ते दिल्लीचं आहे, आपल्याला काय' असं म्हणणारे आमच्याकडेही होते. पुढे तेच आपल्या दारात आलं ते नंतर सांगतो.

आधी गणित, कारण गणिताशिवाय ह्यातलं काहीही कळणार नाही.

केंद्राच्या नोकऱ्यांमध्ये एससी १५ टक्के, एसटी साडेसात टक्के, ओबीसी २७ टक्के. २०१९ पासून त्यात ईडब्ल्यूएसचे, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे, १० टक्के आले, ते सध्या बाजूला ठेवू. आता २७ टक्के म्हणजे किती पदांमागे एक? १०० भागिले २७, म्हणजे ३.७, म्हणजे चौथं पद आलं की एक ओबीसी पूर्ण होतो. एससीचं तसंच सातव्या पदाला. एसटीचं चौदाव्याला. एवढंच आहे रोस्टर. एक रांग लावायची आणि ४, ७, ८, १२, १४ असे आकडे पडतील तिथे नावं लिहायची, बाकीचे खुले. मोठ्या संवर्गासाठी (संवर्ग म्हणजे एका रांगेत मोजायची सगळी पदं) ही रांग २०० पर्यंत जाते, त्यात ३० एससी, १५ एसटी, ५४ ओबीसी असे एकूण ९९ पॉइंट राखीव होतात. लहान संवर्गासाठी, म्हणजे १३ किंवा त्याहून कमी पदं असतील तर, वेगळा छोटा तक्ता. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सभरवाल प्रकरणात सांगितलं की आरक्षण रिक्त जागांवर नाही, पदांवर मोजायचं, आणि त्यानुसार केंद्राच्या कार्मिक खात्याने २ जुलै १९९७ ला हे तक्ते काढले. २०१९ मध्ये ईडब्ल्यूएससाठी त्यात बदल होईपर्यंत केंद्रात तेच चालले.

आता त्या १३ वाल्या तक्त्याकडे नीट बघा. जास्तीत जास्त १३ पदांचा संवर्ग, आणि एसटीचा पॉइंट १४ वा. म्हणजे तेराच्या तेरा पदं पहिल्यांदा भरली तरी त्यात एकही आदिवासी उमेदवार आरक्षणातून येणार नाही. कोणी रिटायर झालं, सोडून गेलं, वारलं, तर त्याच्या जागी जो येईल तेव्हा नंबर. तक्ता वाचायची पद्धत इंग्रजी एल अक्षरासारखी, आधी वरून खाली मूळ नेमणुका, मग आडवं जात बदलीच्या नेमणुका, म्हणजे गेलेल्या माणसाच्या जागी होणाऱ्या. मी पहिल्यांदा हा तक्ता वाचला तेव्हा दोनदा मोजलं, वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

समजा एखाद्या विभागात असोसिएट प्रोफेसरची दोन पदं आहेत. पहिले दोघं खुल्यातून. नंतर बदलीची पहिली नेमणूक खुली, दुसरी ओबीसी. एससीचा नंबर बदलीच्या पाचव्या नेमणुकीला. एसटीचा बाराव्या. माणूस त्या पदावर सरासरी १५ वर्षं टिकतो असं धरलं (मी धरलंय, कमीजास्त करून बघा) तर दोन पदांमध्ये दर साडेसात वर्षांनी एक जागा मोकळी होते. म्हणजे ओबीसीला १५ वर्षं, एससीला साडेसदतीस, आणि एसटीला ९० वर्षं. नव्वद. आणि जिथे प्रोफेसरचं एकच पद आहे तिथे तर विषयच संपला, कारण १९९८ मध्ये चंदीगडच्या पीजीआय ह्या वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात घटनापीठाने सांगून ठेवलंय की एकाच पदाच्या संवर्गाला आरक्षण लावता येत नाही, आळीपाळीनेही नाही, कारण ते शंभर टक्के आरक्षण होतं.

तर सगळा खेळ इथे आहे. संवर्ग म्हणजे काय धरायचं? सगळ्या विद्यापीठातले सगळे असोसिएट प्रोफेसर मिळून एक रांग, की इतिहास विभागाची वेगळी, भूगोलाची वेगळी, रसायनशास्त्राची वेगळी? सरकारी भाषेत ह्याला एकक म्हणतात. एवढ्या एका शब्दावर देशभरात मोर्चे निघाले.

एक कल्पित विद्यापीठ घेऊ. ३० विभाग, प्रत्येकात १ प्रोफेसर, २ असोसिएट, ४ असिस्टंट. केंद्रीय विद्यापीठांमध्ये साधारण असाच साचा सांगितला जातो. एकूण २१० पदं. विभागवार मोजलं तर? प्रोफेसर एकेक, राखीव शून्य. असोसिएट दोन दोन, चौथा पॉइंट येतच नाही, शून्य. असिस्टंट चार, चौथा ओबीसी, म्हणजे प्रत्येक विभागात एक, ३० ओबीसी. एससी शून्य, एसटी शून्य. २१० पैकी ३० राखीव. आता तेच विद्यापीठवार मोजा. ३० प्रोफेसरांमध्ये ४ एससी, २ एसटी, ८ ओबीसी. ६० असोसिएटमध्ये ९, ४, १६. १२० असिस्टंटमध्ये १८, ९, ३२. एकूण १०२. पदं तीच, इमारत तीच, टक्केवारीचा कायदाही तोच, त्याला कोणी हातही लावला नाही, फक्त रांग कुठे तोडायची ते बदललं, आणि १०२ चे ३० झाले, आणि त्या तीसमध्ये एससी-एसटी एकही नाही.

मला ह्यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं हेच वाटतं. आरक्षण रद्द करायचं म्हटलं तर सरकार पडेल. इथे फक्त मोजायची रीत बदलायची होती.

आता क्रम.

२००६ पर्यंत विद्यापीठं आपापल्या सोयीने मोजत होती, आणि सोय कुठल्या बाजूची होती ते सांगायला नको. मग यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एक समिती नेमली, प्रमुख होते प्रा. रावसाहेब काळे, जेएनयूतले विज्ञानाचे प्राध्यापक, जे पुढे गुजरात केंद्रीय विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मराठी माणूस, पण आपल्याकडे त्यांचं नाव कोणी ह्या संदर्भात घेताना मी ऐकलं नाही. समितीने सांगितलं की अख्खं विद्यापीठ किंवा अख्खं कॉलेज हे एकक धरा, एका पदनामाची सगळी पदं विषय न बघता एका रांगेत लावा आणि २०० पॉइंटचा रोस्टर चालवा. त्याच वर्षी यूजीसीने तशा मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढची दहा-अकरा वर्षं हेच चाललं. चाललं म्हणजे कागदावर चाललं, जागा भरल्या का हा वेगळा मुद्दा, पण निदान जाहिरात निघाली की त्यात राखीव जागा दिसायच्या.

बनारस हिंदू विद्यापीठाच्या अशाच एका जाहिरातीवरून लोक अलाहाबाद हायकोर्टात गेले, आणि ७ एप्रिल २०१७ ला निकाल आला: एकक म्हणजे विभाग, म्हणजे विषय. यूजीसीच्या सूचनांमधली ती कलमं रद्द.

निकालामागचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या बाजूचे लोक बऱ्याचदा 'मनुवादी निकाल' म्हणून मोकळे होतात आणि मग समोरच्याला उत्तर देता येत नाही. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आणि संस्कृतचा प्राध्यापक एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, एकाच्या जागी दुसरा बसू शकत नाही, पगार सारखा म्हणून संवर्ग एक होत नाही. आणि अख्खं विद्यापीठ एकक धरलं तर असं होऊ शकतं की एखाद्या विभागात सगळे राखीव आणि एखाद्यात सगळे खुले. हे खरंच होऊ शकतं. रांगेत कुठला विषय आधी आणि कुठला नंतर लावायचा ह्यावर कॉलेजांमध्ये जी भांडणं होतात ती मी स्वतः बघितलीत, रोस्टर लिहिणाऱ्याने दोन विषयांची जागा वरखाली केली की चौथा पॉइंट कोणाच्या डोक्यावर पडतो ते बदलतं, आणि ते बदलावं म्हणून फोन येतात.

आणि ह्या निकालाचं मूळ आपल्याकडे आहे, नागपुरात. नागपूर विद्यापीठाने १९८४ मध्ये शिक्षकांच्या पदांची जाहिरात काढली होती, त्यात एकूण किती पदं राखीव ते सांगितलं पण कुठल्या विषयातली ते सांगितलंच नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९९० मध्ये कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही, उमेदवाराला आधीच कळलं पाहिजे की त्याच्या विषयातली जागा राखीव आहे की नाही, नाहीतर निवड समिती मुलाखतीनंतर आपल्या मनाने ठरवेल कुठे आरक्षण लावायचं. बरोबरच आहे! त्या काळात विषयवार म्हणणं हे मागासवर्गीय उमेदवाराच्याही फायद्याचं होतं, लपवाछपवी थांबत होती. पण जाहिरातीत विषय सांगा ही एक गोष्ट, आणि मोजणीच विषयवार करा ही दुसरी. २७ वर्षांनी अलाहाबादमध्ये ह्याच निकालाचा आधार घेतला गेला आणि ह्या दोन गोष्टी एकच असल्यासारख्या झाल्या. मी वकील नाही, पण रोस्टर लिहिणारा कुठलाही क्लार्क तुम्हाला सांगेल की आधी मोजणी एकत्र करून मग कुठला पॉइंट कुठल्या विषयावर पडला ते जाहिरातीत छापणं अजिबात अवघड नाही. आम्ही तेच करतो.

निकाल २०१७ चा, पण धक्का बसला ५ मार्च २०१८ ला, जेव्हा यूजीसीने सगळ्या विद्यापीठांना कळवलं की आता विभाग हेच एकक. त्यानंतर जाहिराती यायला लागल्या आणि लोकांना पहिल्यांदा समजलं की काय झालंय. सगळ्यात गाजली ती अमरकंटकच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठाची. नावातच जनजातीय, आदिवासींसाठी काढलेलं विद्यापीठ. ५२ पदांची जाहिरात, त्यात राखीव एक, तेही ओबीसी. एसटी शून्य. ह्यात विद्यापीठाने नियम मोडला असंही नाही, हीच तर गोची, त्यांनी नव्या नियमाने प्रामाणिकपणे मोजलं आणि हे आलं. वर कल्पित विद्यापीठाचं जे गणित मांडलं ते आठवा.

मग केंद्र सरकार आणि यूजीसी सुप्रीम कोर्टात गेले. जुलै २०१८ मध्ये यूजीसीने भरती थांबवायला सांगितली. सरकारच्या बाजूने जो अभ्यास झाला त्यात २० केंद्रीय विद्यापीठांचे आकडे होते: विभागवार मोजलं तर एससीसाठीची प्रोफेसरची पदं १३४ वरून ४ वर येतात, एसटीची ५९ वरून शून्यावर, ओबीसीची ११ वरून शून्यावर. (ओबीसी मुळात फक्त ११ का? कारण केंद्रीय संस्थांमध्ये तोवर ओबीसी आरक्षण जवळपास फक्त असिस्टंट प्रोफेसरच्या पातळीवरच होतं, वर नाही.) हे आकडे कोणा संघटनेच्या पत्रकातले नव्हते, सरकारी बाजूचे होते. तरी २२ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने याचिका फेटाळली, पुनर्विचार याचिकाही फेब्रुवारीत गेली.

जानेवारीतल्या निकालानंतरचे सहा आठवडे विलक्षण होते. दिल्ली विद्यापीठातले अॅडहॉक शिक्षक ह्यात पुढे होते, आणि ते साहजिक होतं, दहा-दहा वर्षं चार-चार महिन्यांच्या ऑर्डरवर काढलेली माणसं, कायम भरती निघाली की आपला नंबर लागेल ह्या आशेवर, आणि आता भरती निघतेय तर त्यात आपली जागाच नाही. त्यांच्याबरोबर विद्यार्थी संघटना, दलित-आदिवासी-ओबीसी संघटना, विरोधी पक्षच नाही तर सत्तेतल्या आघाडीतले पक्षही. ५ मार्च २०१९ ला भारत बंदची हाक. तेव्हा मनुष्यबळ विकास मंत्री होते प्रकाश जावडेकर, ते आधीपासून म्हणत होते की २०० पॉइंट परत आणू, आणि ७ मार्चला मंत्रिमंडळाच्या मंजुरीने अध्यादेश निघाला. लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली १० मार्चला. तीन दिवस! घोषणा झाल्यावर आचारसंहितेत असा निर्णय अडकला असता. आंदोलनामुळे झालं की निवडणुकीमुळे, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन की निवडणूक तोंडावर नसती तर आंदोलन अजून वर्षभर चाललं असतं.

अध्यादेशाचा जुलै २०१९ मध्ये कायदा झाला, केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) कायदा. लहानसा आहे, दोन-तीन पानं. त्यातली कामाची ओळ एकच: संस्था हे एकक मानलं जाईल. ईडब्ल्यूएसही त्यात आलं, आणि ओबीसी आरक्षण वरच्या पदांपर्यंत गेलं. सरकारने तेव्हा सांगितलं की ७००० च्या आसपास रिक्त जागा भरायचा मार्ग मोकळा झाला.

पण त्या कायद्याला शेवटी एक परिशिष्ट आहे, ते वाचायला कोणी जात नाही. कायदा कुठे लागू नाही त्याची यादी. अल्पसंख्याक संस्था वेगळ्या, पण त्याशिवाय 'उत्कृष्टता संस्था' म्हणून आठ नोंदी. त्यात मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे, बंगळूरचं जवाहरलाल नेहरू केंद्र आहे. म्हणजे उत्कृष्टता आणि आरक्षण एका ठिकाणी नांदू शकत नाहीत हे कायद्यानेच परिशिष्टात लिहून ठेवलंय, आणि तेही त्या कायद्यात जो आरक्षण वाचवायला आणला. ह्या आठ नोंदींबद्दल संसदेत आणि बाहेर थोडी कुरकुर झाली, मग सगळे विसरले. मी विसरलो नाही कारण माझा एक विद्यार्थी, अत्यंत हुशार, त्यातल्या एका ठिकाणी पीएचडीला होता आणि एकदा सहज म्हणाला, सर इथे सगळं मस्त आहे, फक्त आडनाव सांगितल्यावर लोक दोन सेकंद थांबतात.

आता आपल्याकडे. केंद्राचा कायदा केंद्रीय संस्थांना, महाराष्ट्रातली विद्यापीठं आणि अनुदानित कॉलेजं राज्याच्या नियमांवर. इथेही विषयनिहाय की संवर्गनिहाय (म्हणजे सगळे विषय एकत्र धरून) हा वाद होताच, कोर्टकचेऱ्या होत्याच, भरती त्यावरून अडायची. २०२१ मध्ये राज्यानेही केंद्रासारखाच कायदा केला आणि संवर्गनिहाय आरक्षण आलं. आम्ही रोस्टरवाल्यांनी वह्या पुन्हा लिहिल्या, पुन्हा मागासवर्ग कक्षाकडे तपासणीला नेल्या, त्रुटी काढून परत आल्या, पुन्हा नेल्या. त्या फेऱ्यांवर वेगळं पुराण होईल.

पण महाराष्ट्राचं गणित केंद्रापेक्षा चिवट आहे कारण आपल्याकडे प्रवर्ग जास्त. एससी १३, एसटी ७, ओबीसी १९, विमुक्त जाती म्हणजे विजा-अ ३, भटक्या जमातींचे भज-ब अडीच, भज-क साडेतीन, भज-ड २, विशेष मागास प्रवर्ग म्हणजे विमाप्र २, हे मिळून ५२ (मराठा आरक्षणाचं मागेपुढे चालू असतं ते धरलं नाही). आता दोन टक्के म्हणजे ५० पदांमागे एक. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरची पदं असतात पंचवीस-तीस. म्हणजे अख्खं कॉलेज एकक धरलं तरी भज-ड किंवा विमाप्रचा अख्खा एक माणूस टक्केवारीने भरत नाही, पॉइंट नशिबाने पडला तर पडला. जो प्रश्न दिल्लीत विभाग आणि विद्यापीठ ह्यांच्यात होता तोच आपल्याकडे कॉलेज आणि त्याहून मोठं काहीतरी ह्यांच्यात आहे, पण ह्यावर मोर्चा निघत नाही कारण ते समाज लहान आहेत, आणि लहान आहेत म्हणूनच तर टक्का दोन आहे.

दुसरी बाजूही सांगतो. संवर्गनिहाय झाल्यावर मला सगळ्यात जास्त शिव्या कोणाकडून मिळाल्या असतील तर सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, झालेल्या मुलांकडून. अर्थशास्त्राची एक मुलगी, भज-क, पीएचडी झालेली, अकरा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. ती दर जूनमध्ये विचारते, सर आमच्या कॅटेगरीचा पॉइंट कधी येतो हो? मी वही काढून दाखवतो, पॉइंट आलाय मॅडम, पण वनस्पतीशास्त्रावर पडलाय. आणि वनस्पतीशास्त्राला त्या प्रवर्गातला उमेदवार अर्जच करत नाही. म्हणजे तिच्या प्रवर्गाची जागा आहे, रिकामी आहे, आणि तिला उपयोग नाही. विषयनिहाय असतं तरी तिला मिळाली नसती, एकच पद आहे अर्थशास्त्राला. मोजणी कशीही केली तरी कोणाच्या तरी वाट्याला हे येतंच, फरक इतकाच की एका पद्धतीत एकूण संख्या तरी भरते, दुसऱ्या पद्धतीत तीही नाही. हे उत्तर मी तिला दिलं आहे. तिला ते आवडलं नाही, आवडावं अशी अपेक्षाही नाही.

मग जागा निघाली, पॉइंट बरोबर पडला, विषयही जुळला, तर? इथून वहीचं काम संपतं आणि मुलाखतीचं सुरू होतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत असिस्टंट प्रोफेसरसाठी असं आहे की शैक्षणिक गुण फक्त शॉर्टलिस्ट करायला, निवड पूर्णपणे मुलाखतीतल्या कामगिरीवर. शंभर टक्के मुलाखत! दहावीपासून पीएचडीपर्यंत जे मिळवलं ते दारापर्यंत आणतं, आत वीस मिनिटं. आणि आतून बाहेर येणारा एक शेरा सगळ्यांना पाठ आहे, एनएफएस, नॉट फाउंड सुटेबल, योग्य उमेदवार आढळला नाही. नेट झालेला, पीएचडी झालेला, पेपर छापलेले, ह्याच विद्यापीठात पाच वर्षं अॅडहॉक म्हणून शिकवणारा माणूस, आणि 'योग्य आढळला नाही'. काल सकाळच्या लेक्चरला योग्य होता. समितीत राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी बसवायची तरतूद आहे, पण कुलगुरूंनी नेमलेला तो एकटा माणूस चारपाच जणांसमोर किती बोलणार, शिवाय त्यालाही पुढच्या समितीवर यायचं असतंच की. शेऱ्याखाली कारण लिहायला रकाना असतो तो कसा भरला जातो ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये.

माझ्यामते ह्या प्रकरणातली खरी चूक इथे झाली, आंदोलकांचीही आणि सरकारचीही. सगळी ताकद एककावर लागली, आणि ती लागायलाच हवी होती, पण कायद्यात एनएफएसबद्दल एक ओळ आली असती, की शेरा मारला तर प्रत्येक उमेदवाराचे मुलाखतीचे गुण आणि लेखी कारण जाहीर करा, तर पुढचं बरंच वाचलं असतं. मार्च २०१९ मध्ये जे मागाल ते मिळत होतं. कोणी मागितलं नाही. महिलांचंही तसंच, आपल्याकडे राज्यात ३० टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्राच्या त्या कायद्यात बाईचा उल्लेख नाही.

रुजू झाल्यावरचं तर अजून वेगळं, पण त्यात फार शिरत नाही, फक्त एवढं सांगतो की रोस्टरवरून आलेल्या माणसाला आमच्याकडे काही लोक अजूनही 'पॉइंटवाले सर' म्हणतात, पाठीमागे. त्याला वर्कलोडमध्ये सकाळचे तास, परीक्षा विभाग, एनएसएसचं शिबिर, ते सगळं. संशोधन केंद्राचं गाईडपद द्यायची वेळ आली की सिनिऑरिटी आठवते. हे सगळं माझ्या नजरेसमोरचं आहे, कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, वाचणाऱ्याला आपापल्या कॉलेजचं नाव सुचलं असेल.

आणि हे प्रकरण २०१९ ला संपलं असं कोणाला वाटत असेल तर डिसेंबर २०२३ आठवा. यूजीसीने उच्च शिक्षण संस्थांमधल्या आरक्षणाबद्दल नव्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा टाकला, हरकती मागवल्या २८ जानेवारी २०२४ पर्यंत. जाडजूड मसुदा, बराचसा जुन्या परिपत्रकांचा गोळा, आणि त्यात मध्येच एक प्रकरण: राखीव जागेला पुरेसे उमेदवार मिळाले नाहीत तर ती जागा अनारक्षित करता येईल, त्याची पद्धत. म्हणजे बघा, आधी एनएफएस म्हणायचं, मग 'उमेदवारच मिळत नाहीत' म्हणायचं, आणि मग जागा खुली करायची. मुदतीच्या शेवटच्या दिवशी गदारोळ झाला आणि त्याच दिवशी मंत्रालयाला खुलासा करावा लागला की २०१९ च्या कायद्यानंतर एकही राखीव पद अनारक्षित करता येत नाही. दोन-तीन पानांच्या त्या कायद्याने तेव्हा वाचवलं, पण महिनाभर तो मसुदा सगळ्यांच्या समोर होता आणि शेवटच्या दिवसापर्यंत फार थोड्या लोकांनी तो वाचला होता. मीही नाही. रोस्टर माझ्याकडे असून.

आमच्या वनस्पतीशास्त्राची ती भज-कची जागा ह्या वर्षी तिसऱ्यांदा जाहिरातीत गेली. दोन अर्ज आलेत. अर्थशास्त्राच्या मॅडमनी ह्या जूनमध्येही सीएचबीचा फॉर्म भरला, तासिका आठवड्याला नऊ, आणि जाताना वहीकडे बघून म्हणाल्या, सर, विषय बदलून पुन्हा एमएस्सी करू का?